कुंपणावरचे मतदार पुरेसे नाहीत

अमेरिकेत २०२८ साठी डेमोक्रॅटिक पक्षाने मध्यममार्गी आणि पक्षनिरपेक्ष मतदारांना रुचेल असाच उमेदवार द्यावा, हा अग्रलेखातील सल्ला वाचला. सल्ला समंजस वाटतो, पण आकडे त्याला फारशी साथ देत नाहीत. २०१२ च्या एक्झिट पोलनुसार पक्षनिरपेक्ष मतदारांत रिपब्लिकन उमेदवार मिट रॉम्नी डेमोक्रॅटिक ओबामांच्या पाच टक्क्यांनी पुढे होते. ओहायो राज्यात तर त्याहून अधिक. तरी रॉम्नींच्या हातून ओहायोही गेले आणि अध्यक्षपदही. २००४ मध्ये मध्यममार्गींनी डेमोक्रॅटिक उमेदवार जॉन केरींना झुकते माप दिले, पण निवडून आले बुश. २०२४ मध्ये कमला हॅरिस यांचेही तेच झाले.

याचे कारण असे की, आपण कोणत्याच पक्षाचे नाही म्हणणारे बहुतेक जण मनाने एका पक्षाकडे झुकलेलेच असतात आणि मतही त्यालाच देतात. रिपब्लिकन पक्षावर रुसलेल्या, पण रॉम्नींनाच मत देणाऱ्यांचा २०१२ च्या त्या आघाडीत मोठा वाटा होता. खरोखर कुंपणावर बसलेले थोडेच.

त्यांना गोंजारताना घरचा मतदार घरीच बसला तर? २०१६ मध्ये विस्कॉन्सिन हे राज्य हिलरी क्लिंटन यांनी २३ हजारांहून कमी मतांनी गमावले. त्याच राज्यातील मिलवॉकी या डेमोक्रॅटिक बालेकिल्ल्यात २०१२ च्या तुलनेत सुमारे ४१ हजार मते कमी पडली होती. मतदार ओळखपत्राच्या नव्या नियमाचाही त्यात हात असेल. पण पक्षाची उमेदवारी मिळाल्यानंतरच्या प्रचारात क्लिंटन त्या राज्यात एकदाही फिरकल्या नव्हत्या.

– एक वाचक, डोंबिवली