दिनूच्या धुराबद्दल

प्रिय संदेश,

'दिनूला आवळा आणि व्हिटॅमिन सीच्या गोळ्या चालू केल्यात, आता धुराची भीती नाही ना?' तुझ्या पत्रातल्या या एका ओळीने रात्रभर झोप लागली नाही.

दिनू वास्कोच्या यार्डात बार्जेसवर दिवसभर रॉडने स्टेनलेसचं वेल्डिंग करतो. त्या धुरात निकेल असतं आणि सहा संयुजेचं क्रोमियम, म्हणजे क्रोमेट. दोन्हींची संयुगं १९९० सालीच जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात, म्हणजे माणसात कर्करोग करतात हे नक्की ठरलेल्यांत, टाकली, वेल्डिंगचा धूर २०१७ मध्ये. क्रोमेटची ठेवण सल्फेटसारखी, त्यामुळे पेशी त्याला आपलं समजून आत घेते. आत त्याचं तीन संयुजेचं क्रोमियम होतं आणि डीएनएला चिकटून बसतं.

आता व्हिटॅमिन सी. क्रोमेटच्या पिवळ्या द्रावणात ते टाकलं की पिवळेपणा बघता बघता उतरतो. हे पेशीबाहेर घडलं तर उत्तमच, कारण तीन संयुजेचं क्रोमियम सहसा आत शिरत नाही. पण आत घडलं की तेच घातक. आम्ही प्रयोगशाळेत बशीत पेशी वाढवतो त्या पोषकद्रवात व्हिटॅमिन सी जवळजवळ नसतंच. आपल्या शरीरातल्या पेशींत मात्र ते भरपूर असतं. ब्राऊन विद्यापीठात झित्कोविच यांच्या गटाने बशीतल्या पेशींना ते परत दिलं, तेव्हा क्रोमेटने डीएनएची मोडतोड आणि उत्परिवर्तनं कितीतरी वाढली. हे वाचून मी माझ्या जुन्या बशा पुन्हा काढल्या. जांभळ्या रंगवलेल्या ठिपक्यांवरून किती पेशी जगल्या ते आम्ही मोजतो. ते ठिपके बघून मी क्रोमेटला सौम्य ठरवत होतो, याचं फार वाईट वाटलं.

आवळा बंद करू नकोस, पण त्याच्या भरवशावर धूर गिळायला लावू नकोस. तोंडाला रुमाल बांधून उपयोग नाही, धुराचे कण फार बारीक असतात. धूर उगमापाशीच ओढून घेणारी नळी हवी आणि धातूच्या धुरासाठीचा फिल्टर असलेला घट्ट बसणारा मास्क. बार्जच्या टाकीच्या आत काम असेल तर हे दोन्ही नसताना उतरायचंच नाही. जमेल तिथे रॉडऐवजी टिग (वायूच्या आवरणात टंगस्टनच्या टोकाने करायचं वेल्डिंग) वापरू दे, त्याला धूर कमी येतो. आणि सिगारेट सोडायला लाव, हात जोडून सांगतो.

चवथीला डिचोलीला येतो तेव्हा मास्क घेऊन येतो. दाढी असली की कडेने फट राहते, म्हणून दिनूला आधीच सांग.

तुझा,
विनय