ती भिंत राहू दे

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेले नकाशे नीट पाहिले. तुमच्या सोरॉरिटीच्या, म्हणजे विद्यार्थिनींच्या संघटनेच्या, राहत्या घराचं नूतनीकरण होतंय आणि समितीत मुलींच्या वतीने तुला घेतलंय, याचा फार आनंद झाला. घर माजी विद्यार्थिनींच्या हाऊस कॉर्पोरेशनच्या, म्हणजे घर सांभाळणाऱ्या संस्थेच्या, मालकीचं, आर्किटेक्टही त्यांनीच नेमलेला. पण राहता तुम्ही. रात्री अकराला कोण कुठे बसतं, कोण कंटाळून लायब्ररी गाठतं, हे तुम्हालाच ठाऊक. ते आत्ताच सांग. एकदा कंत्राट दिलं की बदल महाग पडतात आणि मग कोणी ऐकून घेत नाही.

अभ्यासिका आणि जेवणाचा हॉल यांच्यातली भिंत पाडून एकच मोठी जागा करायचं ठरतंय, त्याला माझा साफ विरोध आहे. कागदावर ती जागा देखणी दिसते, माहितीपत्रकातल्या फोटोत तर फारच. पण दोघी खिदळत असताना तिसरीला थर्मोडायनॅमिक्सचं गणित सुटत नाही; ती वह्या उचलून वर जाते. नाहीतर परीक्षेच्या दिवसांत बाकीच्या कुजबुजत बसतात आणि हळूहळू खाली यायच्याच बंद होतात. मुलींनी एकत्र बसावं म्हणून खर्च करायचा आणि त्या खोल्यांत कोंडून घेणार, असं व्हायला नको.

तुमच्या पर्ड्यू विद्यापीठातल्या घरांची कोल्ड एअरची पद्धत बघ. सगळ्यांनी एकाच मोठ्या, अंधाऱ्या, खिडक्या उघड्या ठेवलेल्या खोलीत झोपायचं आणि आपापल्या खोल्या अभ्यासाला नि कपड्यांना ठेवायच्या. तू पहिल्यांदा सांगितलंस तेव्हा मला थंडीचीच काळजी वाटली होती. पण त्यात केवढा विचार आहे! रात्री दोनपर्यंत एकीचा दिवा चालू राहिला तरी कोणाची झोपमोड नाही. उजेडाला आणि आवाजाला मधे दार हवं, हे त्या घरांत आधीपासून पाळलेलं आहे. तेच तळमजल्यावरही पाळा.

आता पैशाचं. तिकडे अमेरिकेत सोरॉरिटीच्या फाउंडेशनला, म्हणजे धर्मादाय संस्थेला, दिलेल्या देणगीवर करसवलत मिळते, पण तो पैसा घराच्या शैक्षणिक भागावरच खर्च करता येतो. अभ्यासिका चालते, दिवाणखाना चालत नाही. म्हणून नकाशात जिथे तिथे ‘स्टडी’ लिहिलेलं दिसतं. सगळं एकाच हॉलमध्ये घातलं, तर त्यातला अभ्यासाचा भाग कोणता हे दाखवणं अवघड जाईल. कॉर्पोरेशनच्या बायकांपुढे हा मुद्दा पहिला मांड, त्यांना तो लगेच पटेल.

भिंत ठेवली की खर्च वाचतो. तो जेवणाच्या हॉलवर करा. रात्रीचं जेवण उरकलं की ती जागा रिकामीच असते. टेबलांवर खाली आणलेले दिवे, पायाला न अडखळणारे सॉकेट आणि तीन तास पाठ न दुखता बसता येईल अशा खुर्च्या दिल्या, तर तीच तुमची सर्वांत मोठी अभ्यासाची जागा होईल. गटाने प्रोजेक्ट करायला, थोडं बोलत बसायला. आणि अभ्यासिका पूर्ण शांत राहू दे. तिच्या दाराकडे मात्र स्वतः लक्ष दे. भिंत आवाज किती अडवते ते एसटीसी या आकड्यात मोजतात; साध्या जिप्सम पार्टिशनचं एसटीसी ३५च्या आसपास असतं, पलीकडचं मोठ्याने बोललेलं ऐकू येतं. ५०च्या पुढची भिंत मागा. दार भरीव हवं, कडांना रबरी सील हवं. दाराखाली बोटभर फट राहिली तर भिंतीवर घातलेले पैसे पाण्यात.

पुढचा दिवाणखाना रिक्रूटमेंटपुरता, म्हणजे नव्या मुली निवडायच्या दिवसांपुरता, सजवून वर्षभर कोणी बसत नाही, हे तू लिहिलंस ते वाचून वाईट वाटलं. ते लांबलचक सोफे काढा, दोघी-चौघींचे कोपरे करा. नव्याने आलेल्या मुलीला पंधराजणींच्या घोळक्यात शिरणं जड जातं, एकीशेजारी बसणं सोपं असतं.

मुलींचं स्वतःचं घर ही काही चैन नव्हती गं. अल्फा फायच्या मुलींनी १८८६ साली सिरॅक्यूजला आपलं घर बांधलं, सोरॉरिटीने स्वतःसाठी बांधलेलं ते पहिलं. त्याच वर्षी मार्चमध्ये आपल्या आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियात डॉक्टर झाल्या. त्यांच्या खोलीतली शेगडी धड पेटत नसे, धूर कोंडायचा, आणि त्यातच त्या शिकल्या. खोली कशी आहे यावर मुलीची तब्येत आणि शिक्षण दोन्ही अवलंबून असतं, म्हणून इतकं लिहितेय.

एका गोष्टीवर अजिबात माघार घेऊ नकोस. नॉर्थ कॅरोलायनातल्या चॅपल हिलच्या एका फ्रॅटर्निटी हाऊसला, म्हणजे मुलांच्या अशाच संघटनेच्या घराला, १२ मे १९९६ला आग लागली, पाच विद्यार्थी गेले. त्या घरात स्प्रिंकलर, म्हणजे आग लागताच छतातून पाणी फवारणारे नळ, नव्हते. तो मदर्स डे होता. तुमच्या नकाशात स्प्रिंकलरची लाइन मला कोल्ड एअरपर्यंत गेलेली दिसली नाही. तिथे एवढ्याजणी गाढ झोपलेल्या असतात. बैठकीत लेखी उत्तर माग.

आणि घर १९७८च्या आधीचं आहे, तेव्हा जुन्या रंगात शिसं असू शकतं. तपासणी करून घ्या, आणि घासकाम चालू असताना कोणी तिथे राहायचं नाही.

तळमजल्याचा सेक्शन (उभा छेद) आणि दारांचं शेड्यूल (कोणतं दार कसलं, त्याची यादी) पाठव. ती भिंत भार घेते का, तेही आर्किटेक्टला विचारून कळव. बैठकीच्या आधी मी खुणा करून परत पाठवते.

तुझी,
आई