आई-बाबा, मी पुरुषांबद्दल का बोलते

ती. आई, ती. बाबा,
सा. न.

मी माझ्या व्हिडिओंमध्ये पुरुषांच्या प्रश्नांवर का बोलते, हे बोलणं फोनवर होत नाही म्हणून लिहितेय. फोनवर बाबा लगेच "जेवलीस का" वर येतात आणि आई गप्प होते, आणि आईचं गप्प बसणं मला भांडणापेक्षा जास्त लागतं.

सुमनमावशीने तुम्हाला पाठवलेली माझ्या व्हिडिओतली क्लिप मी पाहिली. त्यात मी म्हणतेय की 498अ च्या, म्हणजे सासरच्या छळाविरुद्धच्या कलमाच्या, काही केसेसमध्ये नवऱ्याच्या सत्तरीतल्या आईबापांची, लग्न होऊन परगावी गेलेल्या बहिणीची नावं काही कारण नसताना घातलेली मी स्वतः पाहिली आहेत आणि त्या माणसांचं काय होतं यावर कोणी बोलत नाही. हे मी बोललेय आणि उद्याही बोलेन. पण पुढचंच वाक्य होतं की हा कायदा रद्द करा म्हणणाऱ्यांच्या मी ठाम विरोधात आहे, ते कापून टाकलं, आणि वर मोठ्या अक्षरात लिहिलं "बघा, एक बाईच सांगतेय". तीच क्लिप आईच्या संघटनेतल्या जुन्या मैत्रिणींच्या ग्रुपवर फिरली आणि तिथे कोणीतरी लिहिलं की "हिच्या आईने काय केलं आणि ही काय करतेय". आई, तुला ते किती लागलं असेल हे मला कळतं. म्हणून आधी तुझ्याशी बोलते, बाबा थोडं थांबा.

आई, 1982 मध्ये मंजुश्री सारडा या नवविवाहितेच्या संशयास्पद मृत्यूनंतर पुण्यात बायका रस्त्यावर उतरल्या त्यात तू होतीस, हे ऐकतच मी मोठी झाले. त्याआधी मार खाऊन आलेल्या बाईला पोलीस चौकीतून "घरगुती मामला आहे, मिटवून घ्या" म्हणून परत पाठवायचे हे तूच सांगितलंस. 1983 मध्ये 498अ आलं ते तुमच्यासारख्या बायका देशभर रस्त्यावर आल्या म्हणून. मी वकील झाले त्याला हेच कारण आहे. आजही माझ्या बहुतेक अशील बायकाच आहेत आणि त्यातल्या बहुतेकींच्या अंगावर खरोखरचे वळ असतात. देशात दरवर्षी हुंडाबळीच्या सहा हजारांवर केसेस नोंदल्या जातात. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत लग्न झालेल्या 18 ते 49 वयाच्या बायकांपैकी 29.3 टक्के बायकांनी नवऱ्याकडून हिंसा झाल्याचं सांगितलं. हे आकडे मी जवळपास प्रत्येक व्हिडिओत सांगते, ते कधी कोणी फॉरवर्ड करत नाही.

आता कोर्टात काय होतं ते सांगते, कारण बाहेरच्या माणसाला ते दिसत नाही. 498अ ची एफआयआर होते, सोबत पोटगीचा अर्ज, सोबत घरगुती हिंसाचार कायद्याखाली अर्ज, मुलाच्या ताब्याचा अर्ज, चार ठिकाणी चार तारखा. दोन-तीन वर्षांत दोन्हीकडचे थकतात. मग म्युच्युअलला, म्हणजे संमतीने घटस्फोटाला बसतात, रकमेचा आकडा ठरतो, आणि हायकोर्टात जाऊन एफआयआर क्वॅश, म्हणजे रद्द होते. कागदावर ती केस सिद्ध झालेली नसते. मग पुरुषांच्या संघटना म्हणतात बघा, केसेस टिकत नाहीत म्हणजे खोट्या, आणि आपल्याकडच्या काही जणी म्हणतात की खोटी केस असा प्रकारच नसतो. मला दोन्ही पटत नाही. सिद्ध न होणं म्हणजे खोटं नसतं आणि एफआयआर होणं म्हणजे खरं नसतं, मी दोन्ही एका दमात बोलते आणि लोक आपापल्या सोयीचं अर्धं उचलतात. सुप्रीम कोर्टाने 2014 मध्ये अर्नेश कुमार प्रकरणात सांगितलं की अशा गुन्ह्यात सरसकट अटक करायची नाही, आधी नोटीस द्यायची, कारणं लिहायची. त्या निकालाने खऱ्या पीडित बाईचं काय गेलं? काही नाही. कायदा तिथेच आहे, आता भारतीय न्याय संहितेत कलम 85 आणि 86 म्हणून. निष्पाप सासूला कोठडीत बसायला लागलं नाही तर तुमच्या मोर्च्याचा अपमान होत नाही आई, असं मला मनापासून वाटतं.

आणि एक गोष्ट जी मला झोपू देत नाही. 1 जुलै 2024 ला नवीन संहिता लागू झाली तेव्हा जुनं 377, म्हणजे 'अनैसर्गिक' संबंधांचं कलम, पूर्ण गेलं. परस्पर संमतीच्या संबंधांपुरतं ते 2018 मध्येच रद्द झालं होतं, आणि ते झालंच पाहिजे होतं. पण उरलेला भाग, म्हणजे एखाद्या सज्ञान पुरुषावर जबरदस्ती झाली तर ज्याखाली तक्रार करता यायची, तोही गेला आणि त्याच्या जागी दुसरं काही आलं नाही. बलात्काराच्या कलमात पीडित फक्त बाई आहे. म्हणजे आज 25 वर्षांच्या मुलावर असा अत्याचार झाला तर मारहाणीची वगैरे कलमं लावायची. मुलगा 18 च्या आत असेल तर पॉक्सो, म्हणजे बालकांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा आहे, तो कायदा मुलगा-मुलगी भेद करत नाही. केंद्र सरकारच्याच महिला व बालविकास मंत्रालयाने 2007 मध्ये बालशोषणाचा अभ्यास छापला होता, त्यात लैंगिक शोषण झालेल्या मुलांमध्ये मुलगे निम्म्याहून जास्त होते, 52.94 टक्के. ते मुलगे आता तिशी-पस्तिशीत आहेत. कुठे आहेत ते? कुणाशी बोलले?

त्यातला एक माझ्या ऑफिसात आला होता. नाव-गाव सांगणार नाही. भाडेकराराच्या कामाला आला होता, सगळं झालं, निघायचं तर निघेना. हातातली आधारची झेरॉक्स घडी घालत होता, उघडत होता, परत घालत होता, शेवटी कागद घडीवर फाटला. मग म्हणाला मॅडम तुमचा एक व्हिडिओ पाहिला होता. लहानपणी नात्यातल्या एकाने काय केलं ते त्याने बायकोलाही सांगितलेलं नव्हतं. वडिलांना एकदा सांगायला गेला होता, तर वडील म्हणाले "पोरगी आहेस का रडायला". आई, याला मी काय सांगायचं होतं, की आधी बायकांचे प्रश्न संपू देत मग तुझा नंबर?

बाबा, आता तुम्ही. दोन वर्षांपूर्वी छातीत दुखत असताना तुम्ही साताऱ्याहून एकटे एसटीने पुण्याला आलात आणि स्वारगेटला उतरल्यावर मला फोन केलात. आईला सांगितलं होतंत की पेन्शनच्या कामाला चाललोय. डॉक्टरांनी स्टेंट घातल्यावर मी चिडून विचारलं तर म्हणालात, "उगाच कुणाला त्रास कशाला". हे वाक्य मी घरोघरी ऐकते. पोटगी थकली, नोकरी गेली, कर्ज झालं, मुलं भेटत नाहीत, आणि माणूस म्हणतो उगाच कुणाला त्रास कशाला. 2022 मध्ये देशात 1,70,924 लोकांनी आत्महत्या केली, त्यातले सव्वा लाखाच्या आसपास पुरुष होते, चारातले जवळजवळ तीन. त्यात रोजंदारीवरचे मजूर सगळ्यात जास्त. सगळ्या राज्यांत पहिला नंबर आपल्या महाराष्ट्राचा, 22,746. आणि आई, ज्या बायका गेल्या त्यात निम्म्याहून जास्त गृहिणी होत्या, हेही मी त्याच व्हिडिओत सांगितलंय, कारण एकाच घरात दोघंही घुसमटत असतात. प्रत्येक व्हिडिओच्या खाली मी टेलि-मानसचा, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा, 14416 नंबर देते. फुकट आहे, मराठीत बोलतात. त्या नंबरवर फोन केला असं सांगणारे मेसेज येतात तेव्हा मला शिव्यांचं काही वाटत नाही.

मुलांना भेटायच्या खोलीबद्दल मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. केस चालू असताना ज्याच्याकडे ताबा नाही त्याने मुलाला कोर्टाच्या आवारातल्या एका खोलीत ठरलेल्या वेळी भेटायचं. बहुतेक वेळा तो बाप असतो. एक जण दर खेपेला तळहातावर पेनाने काहीतरी लिहून आणायचा, मला वाटलं फोन नंबर असेल. ते कार्टूनमधल्या पात्रांची नावं होती. मुलगी सात वर्षांची, एका तासात बोलणं संपून जायचं म्हणून तो आदल्या रात्री तिचं आवडतं कार्टून बघून विषय लिहून आणायचा. त्याच्या बायकोची वकील मीच होते. केस मी तिच्या बाजूने लढले आणि ताबा तिलाच मिळाला, तो मिळायलाच हवा होता. पण शाळेच्या सुट्टीत मुलगी अर्धी सुट्टी बापाकडे राहील हे मी तिला पटवून लिहून घेतलं, त्यावरून माझ्याच ऑफिसातली ज्युनिअर माझ्यावर नाराज झाली.

बाबांनी विचारलं होतं की एवढ्या शिव्या खायच्या तर निदान यातून पैसे तरी मिळतात का. थोडे मिळतात. खूप मिळाले असते जर मी चिडून, एकाच बाजूने, बायकांना नावं ठेवत बोलले असते, कारण राग आला की माणूस व्हिडिओ शेवटपर्यंत बघतो, खाली भांडतो, आणि जितकं भांडण तितका तो व्हिडिओ अजून लोकांपुढे ढकलला जातो. मला एका डिटेक्टिव्ह एजन्सीने जाहिरातीचे पैसे देऊ केले होते, लग्नाआधी मुलीची चौकशी करून देतो म्हणे, मी नाही म्हटलं. पुरुषांच्या एका ग्रुपने सभेला बोलावलं, अट एकच, 498अ रद्द करा असं स्टेजवरून म्हणायचं. नाही म्हटल्यावर त्याच लोकांनी मला जे लिहिलं ते मी तुम्हाला सांगणार नाही. तक्रार दिली आहे, पोच माझ्याकडे आहे, अमितलाही सगळं माहीत आहे, तेव्हा त्याची काळजी तुम्ही करू नका. अनोळखी नंबर मात्र दोघांनीही उचलू नका.

आणि मी गप्प बसले तर ती जागा रिकामी राहत नाही ना. दादाचा ओम सोळा वर्षांचा आहे, गणपतीत आला तेव्हा बहिणीला म्हणाला की अल्फा पुरुष घरात भांडी घासत नाही. हे त्याला कुणी शिकवलं? घरात दादा तर रोज घासतो. ओम अँड्र्यू टेट या परदेशी इन्फ्लुएन्सरचे व्हिडिओ बघतो, ज्याच्यावर रोमानियात 2023 मध्ये मानवी तस्करी आणि बलात्काराचे आरोप ठेवले होते, तो ते नाकारतो. मी ओमला रागावले नाही, विचारलं की तुला त्यात काय आवडतं. तर म्हणाला, "आत्या, तो निदान आमच्याशी बोलतो". एवढंच. मराठीत या पोरांशी बोलणारं कोण आहे? मुंबईत हरीश सदानींची मावा संस्था 1993 पासून पुरुषांसोबत, तरुण मुलांसोबत काम करतेय, आई तुला माहीतच आहे ती. अशी दहा माणसं हवीत आणि ती हातातल्या मोबाईलमध्ये हवीत, कारण ओम तिथे आहे.

ज्या व्हिडिओवरून पुरुष माझ्यावर सगळ्यात जास्त भडकले तो तुम्ही बघितलाच नाही, कारण तो तुमच्या ग्रुपवर कोणी टाकला नाही. डिसेंबर 2022 मध्ये सोलापुरात लग्न न झालेल्या मुलांनी मुंडावळ्या बांधून, घोड्यावर बसून कलेक्टर ऑफिसवर मोर्चा काढला होता, आम्हाला नवरी द्या म्हणून. सगळा महाराष्ट्र हसला. मला हसू आलं नाही. तीन एकर कोरडवाहू असलेल्या पोराला मुलगी मिळत नाही, मग एजंट येतो, लाख दीड लाख घेतो, लग्न लावतो, आणि आठवड्यात नवरी दागिने घेऊन गायब. अशी माणसं पोलिसात जात नाहीत, गाव हसेल म्हणून. मी त्यांच्या बाजूने बोलले. पण पुढे हेही बोलले की 2011 च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या 1000 मुलग्यांमागे 807 मुली होत्या, राज्यात 894, त्या मुली गेल्या कुठे? सोनोग्राफी करून पाडल्या, हे त्याआधीपासून चालत आलंय, आणि आता अशाच घरांतले मुलगे तिशीत नवरी शोधतायत. आई, हे तुझंच भाषण आहे. तू ते बायकांसमोर करायचीस, मी ते त्या मुलांसमोर केलं, आणि त्यातल्या एकाने खाली लिहिलं की ताई माझ्या आईने दोनदा पाडलं होतं, आज कळलं. बाकीचे शिव्या देत होते. मला त्या एकाशी बोलायचं होतं.

तेव्हा मी हे बंद करणार नाही. बाबा म्हणाले होते निदान नाव बदलून कर, तेही जमणार नाही, कारण माझं म्हणणं कोणीतरी माझ्या तोंडावर खोडून काढावं असं मला वाटतं आणि त्याला नाव लागतं.

आता काम सांगते. 19 नोव्हेंबरला आंतरराष्ट्रीय पुरुष दिन असतो, त्याच्या आदल्या शनिवारी मी एक मोठं रेकॉर्डिंग ठेवलंय आणि समोर मला तू हवी आहेस आई. माझ्या बाजूने बोलायला नको. तुला माझं जे पटत नाही ते सगळं बोल, 1982 चं सांग, तुझ्या मैत्रिणींचं म्हणणं सांग, मी मधे तोडणार नाही आणि एक मिनिटही कापणार नाही, पूर्ण तसंच टाकेन. सुमनमावशी येत असेल तर तिलाही आण. बाबा, तुम्ही कॅमेऱ्यासमोर यायला तयार नसाल तर आग्रह नाही, पण सोबत या, सोमवारी तुमची ईसीजी पण करून घेऊ. अमित शुक्रवारी संध्याकाळी गाडी घेऊन येईल. आई, गुडघ्याचा पट्टा आणि तुझी ती जुन्या पत्रकांची फाईल घेऊन ये. हो की नाही ते रविवारपर्यंत कळव, म्हणजे दुसरं कोणाला विचारायचं का ते मला ठरवता येईल.

तुमची,
मनू