पाणीपट्टी आमची, सही दुसऱ्याची

मा. संपादक,
स. न. वि. वि.

राजधानीच्या शहराचे अंदाजपत्रक देशाच्या संसदेने अडवावे का, यावर आपल्या अंकात आलेला लेख वाचला. घटनेतली कलमे त्यात भरपूर आहेत, पण वरची मंजुरी अडकली की खाली काय होते ते कुठेच नाही. मी एका लहान नगरपालिकेच्या लेखा विभागात 31 वर्षे काढली आहेत, म्हणून हे लिहितो आहे.

आधी वॉशिंग्टन. तिथले आर्थिक वर्ष 1 ऑक्टोबरला सुरू होते. मार्च 2025 उजाडला तेव्हा निम्मे वर्ष संपत आले होते आणि शहराच्या कौन्सिलने मंजूर केलेल्या अंदाजपत्रकाप्रमाणे खर्चही चालू होता. त्याच वेळी अमेरिकेच्या काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, देशाचा खर्च चालू ठेवणारा कायदा केला आणि त्यातून दरवेळी असणारे एक कलम गळाले. शहराला स्वतःचे पैसे स्वतःच्या चालू अंदाजपत्रकानुसार खर्चू देणारे ते कलम. तेवढ्यावर शहर आदल्या वर्षीच्या आकड्यांवर परत गेले आणि सुमारे 110 कोटी डॉलरचा खड्डा पडला. यात केंद्राच्या तिजोरीचा एक डॉलरही वाचणार नव्हता, कारण पैसा शहरातल्या लोकांच्याच मालमत्ता कराचा, विक्री कराचा, प्राप्तिकराचा होता. सिनेटने, म्हणजे वरच्या सभागृहाने, दुरुस्ती त्याच दिवशी मंजूर केली. खालच्या सभागृहाने ती हातीच घेतली नाही. शेवटी महापौर बाउझर यांनी 2009 च्या एका कायद्यातली 6 टक्के वाढीची तरतूद शोधून काढली आणि बरीचशी तूट भरून काढली. जुनी फाइल उपसून वाट काढणारा कारकून तिकडेही असणारच, हे वाचून बरे वाटले.

जेमतेम सात लाख वस्तीचे हे शहर. वायोमिंग राज्याची लोकसंख्या त्याहून कमी, पण त्याला दोन सिनेटर आहेत. वॉशिंग्टनला एकही नाही. खालच्या सभागृहात एक प्रतिनिधी आहे, त्याला बोलता येते, कायद्यावर मत देता येत नाही. कर घेता आणि प्रतिनिधित्व देत नाही, ही तक्रार तिथले लोक 2000 सालापासून गाडीच्या नंबरप्लेटवर छापून हिंडतात!

संसदेची बाजू अगदीच पोकळ आहे असे मी म्हणणार नाही. 1783 मध्ये पगार थकलेल्या सैनिकांनी फिलाडेल्फियात काँग्रेसला घेरले, पेनसिल्व्हेनिया राज्याने संरक्षण दिले नाही, सभासदांना गाव सोडावे लागले. राजधानी कुठल्याच राज्याच्या मर्जीवर नको, हा धडा तिथून आला. पुढे 1995 मध्ये शहराचे हिशेब इतके घसरले की काँग्रेसने वर नियंत्रण मंडळ बसवले, ते 2001 पर्यंत होते. शहराने दिवाळे काढले तर कोणीतरी कान धरायलाच हवा. पण चोख हिशेब देणाऱ्या शहराचे पैसे वर्षाच्या मध्यावर गोठवणे वेगळे.

आपल्याकडे दिल्लीचे तेच. तिथल्या विधानसभेत अंदाजपत्रक मांडण्याआधी राष्ट्रपतींची, म्हणजे व्यवहारात केंद्रीय गृह मंत्रालयाची, मंजुरी लागते. 2023 मध्ये ते 21 मार्चला मांडायचे ठरले होते. मंजुरी आली नाही. पत्रे इकडून तिकडे गेली आणि 78,800 कोटींचे अंदाजपत्रक दुसऱ्या दिवशी मांडले गेले. एकाच दिवसाचा उशीर, असे कोणी म्हणेल. पण 31 मार्चला दहा दिवस उरलेले असताना एक दिवस म्हणजे काय, ते लेखा विभागात बसलेल्याला विचारा.

आमच्या त्या गावातली गोष्ट सांगतो. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात नदीवरच्या पंपाची मोटर जळाली. रिवाइंडिंग करून चालणार नव्हते, नवीच घ्यायला हवी होती. पाणीपट्टीचे पैसे बँकेत होते. पण ते दुसऱ्या लेखाशीर्षावर, म्हणजे वेगळ्या खर्चासाठी राखलेले, आणि तिथून वळवायला वरिष्ठ कार्यालयाची मंजुरी हवी. सभेने ठराव केला, मी तीन प्रतींत टिपण नेऊन दिले. एकदा त्रुटी निघाली की ठरावाची प्रत साक्षांकित नाही, दुसऱ्यांदा साहेब रजेवर. मंजुरी आली ती मृगाचा पाऊस पडल्यावर. तोवर गावाने टँकरपुढे रांगा लावल्या आणि शिव्या आमच्या नगराध्यक्षांनी खाल्ल्या. फाइल ज्यांच्या टेबलावर होती त्यांना त्या गावात कोणी ओळखतही नव्हते.

मला खटकते ते एवढेच, की अडवणाऱ्याला त्या गावात मत मागायला जायचे नसते. वॉशिंग्टनचे पैसे अडवणारा सभासद निवडून येतो दोन हजार किलोमीटरवरून.

आपण सातारकर तर गावाला हौसेने राजधानी म्हणवतो. रोज सकाळी चार भिंती स्मारकापर्यंत फिरायला जातो तेव्हा रंगो बापूजींची आठवण येतेच. 1839 मध्ये प्रतापसिंह महाराजांना पदच्युत करून काशीला धाडले, त्यांची कैफियत घेऊन हा माणूस लंडनला गेला आणि 1853 पर्यंत खेटे घालत राहिला. मधेच 1848 मध्ये राज्यच खालसा झाले. तिथे साताऱ्याच्या कागदाची घाई कोणाला असणार होती?

दूतावास, संसद परिसर, सुरक्षा, हे केंद्राने खुशाल सांभाळावे. शहराने स्वतः गोळा केलेल्या कराला मात्र मुदत असलेली मंजुरी हवी. वॉशिंग्टनच्या बहुतेक कायद्यांना ती सोय आहे: काँग्रेसच्या कामकाजाच्या 30 दिवसांत ठराव करून अडवला नाही, तर कायदा लागू. बांधकाम परवान्यात आपण याला मानीव मंजुरी म्हणतो. अंदाजपत्रकालाही हेच लावावे, असा कौल तिथल्या मतदारांनी 2013 मध्ये दिला होता. काँग्रेसने लगाम सोडला नाही.

आता आपल्या दाराशी. 2021-22 पासून 2025 अखेरपर्यंत राज्यातल्या बहुतेक नगरपालिकांवर प्रशासक होते. अंदाजपत्रकाला सूचक तोच, अनुमोदकही तोच. आता निवडून आलेली सभागृहे बसली आहेत. माझी विनंती अशी, की साताऱ्याचे अंदाजपत्रक मंजूर होईल तेव्हा 'शिलकी अंदाजपत्रक सादर' एवढा मथळा देऊन थांबू नका. खर्चाची बाजू पूर्ण छापा, आणि शेजारी मागच्या वर्षीच्या प्रत्यक्ष खर्चाचा रकानाही. जागा कमी पडली तर हे पत्र कापा, तो रकाना कापू नका.

आपला,
एक निवृत्त लेखापाल,
मंगळवार पेठ, सातारा