मायक्रोवेव्ह पेप्टाइड सिंथेसायझरच्या सदोष तापमान-प्रोबबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

महोदय,

आमच्या पुण्यातील प्रयोगशाळेत आपले यंत्र जूनमध्ये बसले. अमिनो आम्ले रोबोटने उचलायची, मायक्रोवेव्हने तापवायची आणि कडीला कडी काही मिनिटांत जोडून पेप्टाइडची साखळी करायची. हाताने एका कपलिंगलाच (एक कडी जोडायलाच) तासभर जातो, त्यामुळे मुले हरखून गेली होती.

बहुतेक कपलिंग ९० अंशांवर चालतात. हिस्टिडीन आणि सिस्टीन मात्र ५० वरच करा, नाहीतर रेसिमायझेशन होते (अमिनो आम्लाचे एल- रूप आरशातल्या प्रतिमेसारखे डी- होते), असे आपल्याच पुस्तिकेत आहे. आम्ही तसेच केले. चाचणीसाठी अँजिओटेन्सिन-२ घेतले. आठ अमिनो आम्लांची साखळी, त्यात हिस्टिडीन तिसऱ्या क्रमांकाला जोडले जाते. मास (रेणूचे वजन) बरोबर आले. एचपीएलसीवर (घटक वेगळे करून प्रत्येकाचे शिखर, म्हणजे पीक, दाखवणाऱ्या यंत्रावर) मात्र मुख्य पीकला चिकटून आणखी एक पीक, आणि त्याचेही मास तेच. हिस्टिडीन एल-चे डी- झाले तरी वजन बदलत नाही, म्हणून मासवर काही कळलेच नव्हते. माझ्या विद्यार्थिनीने तीच साखळी खोलीच्या तापमानाला हाताने केली, तेव्हा एकच स्वच्छ पीक आले.

आपले इंजिनिअर दोनदा येऊन गेले. प्रोब बाहेर काढूनही न पाहता ‘केमिस्ट्रीत चूक आहे’ असे सर्व्हिस रिपोर्टवर लिहून त्यांनी माझी सही मागितली. मी दिली नाही. पण त्या एका वाक्यामुळे या मुलीने सहा आठवडे स्वतःच्या कामात दोष शोधला. पैशांपेक्षा मला याचा संताप जास्त आहे.

शेवटी शेजारच्या विभागातून फायबर-ऑप्टिक थर्मामीटर आणून (मायक्रोवेव्हमध्ये धातूचा चालत नाही) थेट व्हेसलमध्ये (अभिक्रियेच्या भांड्यात) सोडला. स्क्रीनवर ५०, आत ७१. तीनदा पाहिले, तीनदा तेच. मग प्रोब काढला, तर टोकाचे आवरण तडकलेले आणि फटीत रेझिनचे (साखळी ज्यावर वाढते त्याचे) मणी अडकलेले. फोटो आणि क्रोमॅटोग्राम (एचपीएलसीचे आलेख) सोबत जोडले आहेत.

प्रोब वॉरंटीत बदलून, ५० आणि ९० अंशांवर आमच्यासमोर कॅलिब्रेशन करून त्याचे प्रमाणपत्र द्यावे. वाया गेलेली अमिनो आम्ले आणि रेझिन भरून द्यावे. आणि तो सर्व्हिस रिपोर्ट लेखी मागे घ्यावा. याबाबत तडजोड नाही. हिस्टिडीन असलेले अकरा पेप्टाइड आम्हाला पुन्हा करायचे आहेत, म्हणून बंद पडलेल्या दिवसांइतकी वॉरंटी वाढवून मिळावी.

१५ दिवसांत लेखी उत्तर न आल्यास आपली बँक गॅरंटी वटवण्याचा प्रस्ताव मी खरेदी समितीपुढे ठेवीन. तोपर्यंत यंत्र बंद ठेवले आहे.

आपली,
प्रयोगशाळा प्रमुख, पेप्टाइड रसायन विभाग