गणपतीत १०९, दिवाळीत १०९

शहापूर, बेळगाव
तुळशीच्या लग्नाचा दिवस

चि. संतोष यास अनेक आशीर्वाद.

फोन तू उचलत नाहीस, आणि उचललास तर "मीटिंगमध्ये आहे आप्पा" म्हणतोस. म्हणून कागद घेतला. पत्र मीटिंगमध्येही वाचता येतं.

भाऊबीजेला आक्का जे बोलली ते तिनं बोलायला नको होतं. "एवढे पैसे घालून पोट कापून घेतलंस, आणि हाय तेवढाच दिसतोस की." तू पाटावरून उठलास, रात्रीच्या गाडीचं तिकीट असताना सकाळचीच बस धरलीस. मी आक्काला सुनावलं. ती रडली. तिचं तोंड पहिल्यापासून तसलंच, सुमीच्या लग्नात काय झालं ते तुला ठाऊक आहे. तो विषय तिथंच सोडू.

माझा विषय दुसरा आहे. परवा तुझा फोन तुझ्या रूमवरच्या पोरानं घेतला. तू अंघोळीला गेला होतास. "काका, हा रात्री नुसतं ताक पितोय," असं तो सहज बोलून गेला. त्याच्यावर चिडू नकोस. पण तेव्हापासून माझं कामात लक्ष नाही. जेवण का सोडलंस? काटा हलत नाही म्हणून? गणपतीत वजन १०९ किलो होतं, दिवाळीतही १०९. तू स्टेशनजवळच्या मेडिकलमधल्या मशीनवर चढून आलास तेव्हाच तुझ्या तोंडावरून मला कळलं होतं.

वजन उतरवायच्या ऑपरेशनच्या आधी डॉक्टरांनी कागदावर पोटाचं चित्र काढलं होतं, आठवतं? पोटाचा पाऊण हिस्सा कापून काढायचा, उरते ती बारीक नळी. तू गप्प, आईचं नामस्मरण चालू, आणि मी विचारलं, "शिवता कशानं?" डॉक्टर हसले. सुई-दोरा नाही, म्हणाले, टायटॅनियमच्या बारीक पिना. मशीन एका दमात कापतं आणि दोन्हीकडे पिनांच्या रांगा मारत जातं. आपलं ओव्हरलॉक मशीन हेच करतं की! जन्मभर शिवणकाम केलेल्या माणसाला तेवढ्यावर धीर आला. तुझ्या आईला अजून पटत नाही की मी त्या दिवशी घाबरलो नव्हतो. तिचं बरोबर आहे.

त्याच बैठकीत त्यांनी दुसरंही सांगितलं होतं. पहिल्या सहा महिन्यांत वजन भराभर उतरतं, मग वेग मंदावतो, मधेमधे काटा आठवडेच्या आठवडे जागचा हलत नाही. तरी उतरणं वर्ष-दीड वर्ष चालू राहतं. तुझं ऑपरेशन फेब्रुवारीतलं, अजून नऊ महिनेही पुरे नाहीत. १३८ किलोचं शरीर चालवायला जेवढं लागायचं तेवढं १०९ किलोला लागत नाही, आणि खाणं कमी झालंय असं शरीराला कळलं की ते आपला खर्च आवरतं. त्यात तू उपाशी राहिलास तर चरबीबरोबर स्नायूही झडतात. स्नायू गेले की खर्च आणखी उतरतो. म्हणजे ताकावर राहून तू त्या काट्यालाच मदत करतोयस.

आहाराच्या बाईंनी रोज निदान ६० ग्रॅम प्रोटीन सांगितलं होतं. पेलाभर ताकात दोन-तीन ग्रॅम असेल नसेल. एका अंड्यात सहा. आधी अंडं, मूग, पनीर, बांगडा, जे जाईल ते, मग भाजी, मग जागा राहिली तर चतकोर भाकरी. घास बारीक चावायचा, जेवताना पाणी नाही, जेवणानंतर अर्धा तास नाही. आणि चिवडा. लक्ष्मीपूजनाच्या रात्री स्वयंपाकघरात दिवा लागला तेव्हा मी जागा होतो. डब्याचं झाकण वाजलं. दिवसभरात तुझ्या पोटात काही नव्हतं. चिवडा, शेव, कुंदा या वस्तू त्या बारीक पोटातून सरसर खाली उतरतात, भरल्याचं कळतच नाही. अंडं खाल्लं तर चार घासांत कळतं. हे सगळं तुझ्या कागदावर लिहिलेलं आहे, मी काही नवीन सांगत नाही.

झालं, लागलो शिकवायला. माफ कर. एकोणतीस वर्षांच्या कमावत्या पोराला बापानं खाण्याचा हिशेब सांगू नये. आईनं बजावलं होतं, नुसती ख्यालीखुशाली लिहा. पण सकाळी काय खातोस तेवढं कळव.

तू नववीत होतास तेव्हाची एक गोष्ट मी आजवर काढली नाही. जूनची गर्दी होती, युनिफॉर्मचे दिवस. मी तुझं माप घेत होतो आणि बाबू वहीत उतरवत होता. मी "कंबर चाळीस" म्हटलं, तर बाबू मान वर करून मोठ्यानं म्हणाला, "चाळीस?" बाकावर तुझ्या वर्गातली दोन पोरं बसली होती. ती हसली. तू टेप अंगावर असतानाच दोन पावलं मागं सरकलास, टेप माझ्या हातातून सुटला. त्यानंतर तू माप द्यायला कधी उभा राहिला नाहीस. "जुन्या पँटवरून घ्या," म्हणायचास. तेव्हापासून अंगानं जाड गिऱ्हाईक आलं की वही मी स्वतः घेतो, आकडा तोंडानं उच्चारत नाही. आणि एक बघितलंय, वजन वाढलं की माणसं माप द्यायलाच येत नाहीत. "मागच्याच मापाचं शिवा" म्हणून कापड पाठवून देतात, मग ते कुठं ना कुठं काचतं. तू ऑगस्टची सहा महिन्यांची तपासणी का चुकवलीस ते मला न विचारता कळलं.

डॉक्टर रागावतील म्हणून जात नाहीस ना? रागावू देत. माझ्यावर रोज चार गिऱ्हाइकं रागावतात. रक्त दे. बी-१२, लोह, डी जीवनसत्त्व आणि थायरॉइड बघायला सांग. थायरॉइड मंदावलं असलं तरी वजन अडतं, आणि ते उपाशी राहून दुरुस्त होत नाही. गोळ्या चालू आहेत ना? त्या जन्माच्या आहेत, वजन उतरो न उतरो. लोह आणि कॅल्शियम एकदम घेऊ नकोस, मध्ये दोन तास जाऊ दे. केस गळतात म्हणालास, ते या दिवसांत पुष्कळांचे गळतात आणि परत येतात. पण प्रोटीन पोटात गेलं तर. उभं राहिल्यावर डोळ्यांपुढं अंधारी येते का? उलट्या होतात का? वरचेवर होत असतील तर घरचे उपाय करत बसू नकोस, त्याच दिवशी डॉक्टरांना गाठ. बेंगळुरूतला कुणी चालेल, इथलेच हवेत असं नाही.

तू टाकून गेलास ती काळी पँट मी काल उसवून कमी केली. गणपतीत तुझी कंबर साडेपंचेचाळीस भरली होती. दिवाळीच्या पाडव्याला तू आरशासमोर उभा असताना मी मागून टेप लावला, तुला वाटलं चेष्टा करतोय. चव्वेचाळीस. काटा १०९ वर बसलेला असताना दीड इंच कमी. टेप ताणून मी आजवर कुणाला खूश केलेलं नाही, तुझ्यासाठी कशाला करीन? ऑपरेशनच्या आधीची बावन्नची पँट मापाला म्हणून ठेवली होती, ती काल या काळ्या पँटवर पसरून बघितली आणि आईला हाक मारली. ती बघून आत गेली, काही बोलली नाही. मागच्या शिवणीतलं मार्जिन मी कापलेलं नाही, आत दुमडून ठेवलंय. राग मानू नकोस, ते मी प्रत्येक पँटला ठेवतो.

दुसरं तुला माहीत नसलेलं सांगतो. वसुबारसेला गल्लीतली पोरं किल्ला करत होती. तू त्यांच्यात जाऊन उकिडवा बसलास, मातीचा बुरूज थापटलास, आणि हात न टेकता उठलास. मी दुकानातून बघत होतो. हातात कात्री होती, तशीच राहिली. तुला उकिडवं बसलेलं मी शाळा सुटल्यापासून पाहिलं नव्हतं. आक्का हे बघायला नव्हती. तिला फक्त ताटावर बसलेला तू दिसलास. आणि तीन महिन्यांची सरासरी साखर आठ पॉइंट नऊवरून सहा पॉइंट एकवर आली, सकाळ-रात्रीची गोळी बंद झाली, हे काय कमी आहे? रात्री तुझं घोरणं भिंतीपलीकडून यायचं, मध्येच थांबायचं, आणि ते परत सुरू होईपर्यंत आई बिछान्यावर उठून बसायची. यंदा ती झोपली.

मी भितो कशाला ते तुला ठाऊक आहे. दादांचं नाव काढत नाही. त्यांच्या पायातली ती एक चप्पल अजून माळ्यावर आहे, तुझ्या काकूला टाकवत नाही. साखर परत चढायला नको, एवढंच. १०९ चे ९५ झाले तर आनंद आहे, आणि १०५ वरच थांबलं तरी तू माझ्या दुकानात ताठ मानेनं ये. पण उपाशी राहून नको रे. परत तेच बोललो.

बाकी इकडं ठीक. दुकानाची पाटी बदलली, कन्नड वर मोठ्या अक्षरात, आपलं खाली बारीक. दोन अक्षरं चुकली होती, ती रंगाऱ्यानं फुकट दुरुस्त करून दिली. बाबूला नातू झाला. आईचा गुडघा दुखतो, पण डॉक्टरकडं जात नाही. तू गेलास की तीही जाईल म्हणते, तेव्हा दोघांचं मिळून ठरवा.

देसाईंचा पोरगा रविवारी राणी चन्नम्मा एक्स्प्रेसनं निघतोय. त्याच्याबरोबर पँट, भाजलेले शेंगदाणे आणि मोड आलेल्या मुगाचा डबा पाठवतो, मूग पोचल्यावर लगेच फ्रिजमध्ये ठेव. आईनं वर बेसनाचे लाडू ठेवले होते, ते मी काढून घेतले. तिला सांगू नकोस. तपासणीची तारीख मला नको, तिला कळव.

तुझा,
आप्पा

ता. क. जुन्या पट्ट्याला खिळ्यानं भोकं पाडलेली बघितली. नवा घे, पैसे मी पाठवतो. दुकानात जाऊन कंबरेचं माप तूच सांग, त्याला अंदाज करू देऊ नकोस.