इंजिनीअरला मशीनचा तासाचा दर काढता यायला हवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

नव्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार राज्यातल्या विद्यापीठांत अभियांत्रिकीचे अभ्यासक्रम टप्प्याटप्प्याने बदलत आहेत. उद्योजकता, अर्थशास्त्र आणि व्यवस्थापन यांसाठी या चौकटीत ४ श्रेयांक (क्रेडिट) राखलेले आहेत. एका श्रेयांकाला १५ तासिका धरल्या तर २ श्रेयांकांच्या एका विषयाला ३० तासिका मिळतात. त्या ३० तासिकांत काय शिकवायचे, हे अभ्यासमंडळे ठरवत असतानाच हे पत्र लिहीत आहोत, कारण एकदा अभ्यासक्रम छापला गेला की चार-पाच वर्षे तो हलत नाही.

आज हा विषय बहुतेक ठिकाणी 'थिअरीचा' समजला जातो. मागणीचा नियम, मागणीची लवचीकता, बाजाराचे प्रकार, हेन्री फेयॉलची व्यवस्थापनाची १४ तत्त्वे, मास्लोचा मानवी गरजांचा पिरॅमिड, नेतृत्वाच्या शैली. परीक्षेच्या आदल्या रात्री गाइड वाचून पास होता येते, म्हणून मुलांची तक्रार नसते. शिकवायला वर्कलोड कमी पडलेला कोणीतरी किंवा घड्याळी तासिकेवरचे अध्यापक असतात आणि त्यांच्या हातात मागच्या वर्षीची स्लाइड असते. चार वर्षांनी हीच मुले भोसरी, चाकण, शिरोली, सातपूरला नोकरीला लागतात आणि पहिल्याच महिन्यात साहेब विचारतात, 'हा जॉब घ्यायचा का? दर काय पडतो?' त्या प्रश्नाचे उत्तर १४ तत्त्वांत नाही.

सुरुवात मशीनच्या तासाच्या दरापासून, म्हणजे मशीन एक तास चालवायला येणाऱ्या खर्चापासून करावी. उदाहरण म्हणून हे आकडे फळ्यावर मांडा. सीएनसी टर्निंग सेंटर (संगणकाच्या आज्ञेवर चालणारे लेथ मशीन) २४ लाखांचे, १० वर्षांनी ४ लाखांना जाईल, म्हणजे घसारा वर्षाला २ लाख. सरासरी गुंतलेली रक्कम १४ लाख, त्यावर ११ टक्क्यांनी व्याज १ लाख ५४ हजार. दोन पाळ्यांना दोन ऑपरेटर, प्रत्येकी महिना २० हजार, म्हणजे ४ लाख ८० हजार. देखभाल ७२ हजार, जागा ६० हजार. हा झाला ९ लाख ६६ हजारांचा स्थिर खर्च. वीज सरासरी ८ किलोवॅट, युनिट १० रुपये, म्हणजे तासाला ८० रुपये. आता भागायचे कशाने? वर्षाचे ३०० दिवस, दोन पाळ्या, पाळीला साडेसात तास, असे ४,५०० तास होतात. मुले हमखास याच आकड्याने भागतात आणि २९५ रुपये दर काढतात. सेटिंग, टूल बदलणे, वीज जाणे, ऑपरेटरची रजा, माल न येणे हे सगळे वजा केले तर प्रत्यक्ष ३,६०० तास मिळाले तरी बरे. मग दर ३४८ रुपये येतो. २९५ रुपयांनी कोटेशन दिले तर वर्षाला १ लाख ९३ हजारांचा खड्डा पडतो, आणि वर्षअखेर मालक विचारतो, 'मशीन तर रिकामे दिसले नाही, मग पैसे गेले कुठे?'

याच गणितात दुसरी चूक पगाराची. २० हजार हा पगार झाला, त्या माणसाचा कारखान्याला पडणारा खर्च नव्हे. भविष्य निर्वाह निधीचे १२ टक्के, ईएसआयचे (कर्मचारी राज्य विम्याचे) ३.२५ टक्के, किमान ८.३३ टक्के बोनस, ग्रॅच्युइटीची वर्षाला १५ दिवसांची तरतूद म्हणजे साधारण ४.८ टक्के. यातले काही मूळ वेतनावर, काही मर्यादेपर्यंतच लागते, म्हणून सरसकट बेरीज करता येत नाही. पण ठोकळमानाने सव्वापट धरावे. दर ३४८ वरून ३८२ वर जातो. मशीनला वर्षात २,४०० तासांचेच काम मिळाले, तर पगार जुनाच धरूनही तो ४८२ पर्यंत चढतो. स्थिर खर्च आणि बदलता खर्च यांची व्याख्या पाठ करून घ्यायची गरजच पडत नाही. आकडा हलताना दिसतो.

यानंतरची पायरी अभियांत्रिकीच्या मुलांना फार आवडेल अशी आहे, आणि ती या विषयात सहसा शिकवली जात नाही याचे आम्हाला वाईट वाटते. उत्पादन तंत्रज्ञानात मुले टेलरचे टूल-आयुष्याचे समीकरण, म्हणजे कापण्याचा वेग आणि हत्यार किती वेळ टिकते यांचे नाते, शिकतात. व्यवस्थापनाच्या पेपरात 'वैज्ञानिक व्यवस्थापनाचा जनक' म्हणून टेलर पुन्हा भेटतो. हे दोन टेलर एकच आहेत, हे वर्गात बहुतेकांना ठाऊक नसते. फ्रेडरिक टेलर मेकॅनिकल इंजिनीअर होता, लेथसमोर वर्षानुवर्षे धातू कापण्याचे प्रयोग करत होता. फेयॉलही खाण अभियंता, फ्रान्समधल्या कॉमेंत्री इथल्या कोळसा खाणीत कामाला लागलेला. व्यवस्थापन हा विषय इंजिनीअरांनी शॉप फ्लोअरवर उभा केला आणि आपण तो मुलांना परका करून टाकला.

कार्बाइड टिपसाठी (हत्याराच्या टोकाला बसवायच्या, बदलता येणाऱ्या कापणाऱ्या तुकड्यासाठी) समीकरणातला घातांक साधारण ०.२५, म्हणजे एक चतुर्थांश असतो. वेग २० टक्क्यांनी वाढवला की टिपचे आयुष्य निम्म्यावर येते, कारण १.२ चा चौथा घात २.०७. मग किती वेगाने कापावे? कमीत कमी खर्चासाठी टिपचे आयुष्य किती ठेवायचे याचे सूत्र सोपे आहे: टिप बदलायला लागणारी मिनिटे, अधिक एका धारेची किंमत भागिले मशीनच्या मिनिटाचा दर, या बेरजेची तिप्पट (१ भागिले ०.२५, वजा १). धार ५८ रुपयांना, बदलायला २ मिनिटे, मशीन ३४८ रुपये तास म्हणजे मिनिटाला ५.८०. उत्तर ३६ मिनिटे. आता विचारा, मशीनला कामच कमी आहे आणि दर ४८२ झाला, तर काय करायचे? सूत्रात तो दर घातला की २८ मिनिटे येतात, म्हणजे वेग वाढवा, टिपा लवकर खर्च करा. बहुसंख्य मुले इथे थांबतात, आणि इथेच ती चुकतात. मशीन रिकामे असताना एक मिनिट जास्त लागले तर जादा खर्च कशाचा? फक्त विजेचा, मिनिटाला १.३३ रुपये. घसारा, व्याज आणि पगार मशीन चालो न चालो, जाणारच. या दराने टिपचे किफायतशीर आयुष्य १३६ मिनिटांच्या आसपास येते, म्हणजे वेग जवळजवळ २८ टक्क्यांनी कमी करावा. उलट मशीनपुढे जॉबची रांग असेल, तर मिनिटाची किंमत ५.८० पेक्षाही जास्त धरावी लागते, कारण त्या मिनिटात दुसरा जॉब निघाला असता. हिशेबाच्या वहीतला दर आणि निर्णयासाठी धरायचा दर वेगळे असतात. अर्थशास्त्रातली सीमांत खर्च आणि संधी-खर्च ही कल्पना इतक्या स्वच्छपणे दाखवणारे दुसरे उदाहरण मेकॅनिकलच्या मुलांसाठी आम्हाला माहीत नाही.

इलेक्ट्रिकलच्या वर्गाला मोटरचे उदाहरण द्यावे. १५ किलोवॅट, चार पोलची मोटर. कार्यक्षमतेच्या वर्गवारीतल्या आयई-२ वर्गाची कार्यक्षमता ९०.६ टक्के, त्याहून वरच्या आयई-४ ची ९३.९. भार ७५ टक्के धरला तर दोहोंच्या वीजवापरात ०.४४ किलोवॅटचा फरक पडतो. चांगली मोटर ४० हजारांनी महाग आहे असे समजा, युनिट ९ रुपये. वर्षाला ६,००० तास चालणाऱ्या पंपावर बचत २३,५०० च्या वर, पैसे पावणेदोन वर्षांच्या आत फिटतात. १२ टक्क्यांच्या दराने १० वर्षांची बचत आजच्या किमतीत आणली, की खर्च वजा जाता ९३ हजार हाती राहतात. तीच मोटर वर्षाला १,२०० तास चालणाऱ्या पंपावर बसवली तर बचत ४,७०० रुपये आणि १० वर्षांनीही १३ हजारांचा तोटा. 'ऊर्जाबचतीची मोटर घ्यावी का?' या प्रश्नाला तास विचारल्याशिवाय उत्तर नाही, हे मुलांच्या अंगवळणी पडले पाहिजे.

गुंतवणुकीच्या गणितात वर्षानुवर्षे त्याच चुका दिसतात. घसारा रोख खर्च म्हणून वजा केला जातो. या गणितात तो फक्त प्राप्तिकर मोजताना कामी येतो. कर्जाचे व्याज रोख प्रवाहातून वजा करतात आणि वर पुन्हा सवलतीचा दर (पुढचे पैसे आजच्या किमतीत आणण्याचा दर) लावतात, म्हणजे एकच खर्च दोनदा. जुन्या मशीनवर गेल्या वर्षी केलेली दुरुस्ती नव्या मशीनच्या निर्णयात ओढून आणतात, जरी तो पैसा कधीच परत येणार नसतो. जीएसटीचा परतावा मिळणार असेल तर तो किमतीत धरायचा नसतो, हे विसरतात. आणि सुरुवातीला लागणारे खेळते भांडवल, म्हणजे माल आणि उधारीत अडकणारा पैसा, बहुतेक उत्तरपत्रिकांत नसतेच.

खेळत्या भांडवलावर मात्र थोडे थांबलेच पाहिजे, कारण चांगले इंजिनीअर याच खड्ड्यात पडून धंदा बंद करतात. महिन्याची विक्री २० लाख, नफा १० टक्के, गिऱ्हाईक ९० दिवसांनी पैसे देते. खर्चाचे ५४ लाख कायम बाजारात. मोठी ऑर्डर आली, विक्री ३० लाखांवर गेली, अडकलेले पैसे ८१ लाख. हे जादा २७ लाख आणायचे कुठून? महिन्याला ३ लाख नफा, म्हणजे नऊ महिन्यांचा सगळा नफा नुसत्या उधारीत जातो. सूक्ष्म आणि लघु उद्योगांना ४५ दिवसांच्या आत पैसे मिळावेत, उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज, ही २००६ च्या कायद्यातली तरतूद अभियांत्रिकीच्या किती पदवीधरांना माहीत असते? उद्योजकतेच्या तासिकेत प्रेरणादायी व्हिडिओ दाखवण्याऐवजी हे कलम वाचून दाखवावे.

आता व्यवस्थापनाचे. संस्थेचा तक्ता फळ्यावर काढून घेणे पुरेसे नाही. त्या तक्त्यात कोण कशावर सही करू शकतो आणि कोणाचे मोजमाप कशाने होते, हे विचारावे. कोल्हापूरच्या फाउंड्रीचे (धातू ओतून भाग बनवणाऱ्या कारखान्याचे) उदाहरण घ्या. महिन्याला २०० टन कास्टिंग. खरेदी विभागाने किलोला २ रुपये स्वस्त बेंटोनाइट (साच्याची वाळू बांधून ठेवणारी माती) आणले, महिन्याला १५ टन लागते, वाचले ३० हजार. खरेदी अधिकाऱ्याचे कौतुक झाले. वाळूचे बंधन ढिले पडले, रिजेक्शन ४ वरून ६ टक्क्यांवर गेले, म्हणजे ४ टन माल पुन्हा ओतावा लागला. धातू साच्यात पोचवणाऱ्या वाटांत (रायझर-गेटिंग) राहणारा धातू धरून उतारा ६० टक्के असेल, म्हणजे वितळवलेल्या धातूपैकी ६० टक्केच माल बनत असेल, तर त्यासाठी ६.६७ टन धातू वितळवावा लागतो. इंडक्शन भट्टीला टनाला साडेपाचशे ते साडेसहाशे युनिट लागतात. ६०० धरले आणि युनिट ९ रुपये, तर नुसत्या विजेचे ३६ हजार. वाचलेले ३० हजार तिथेच संपले. मोल्डिंग, कोर, मजुरी, फेटलिंग (कास्टिंगची साफसफाई) आणि गिऱ्हाइकाकडे उशिरा पोचलेला माल अजून मोजलाच नाही. खरेदीचे मोजमाप दरावर, उत्पादनाचे टनावर, गुणवत्ता विभागाचे रिजेक्शनवर. प्रत्येकाने आपापले काम चोख केले आणि कारखाना तोट्यात गेला. मुलांना विचारा, यात चूक कोणाची आणि मोजमाप कसे बदलाल? त्या चर्चेत फेयॉलचे 'एकाच वरिष्ठाचा आदेश' हे तत्त्व आपोआप येते, आणि ते कुठे अपुरे पडते हेही.

३० तासिकांची वाटणी आमच्या मते अशी असावी: खर्च आणि दर यांना १०, पैशाचे कालमूल्य आणि गुंतवणूक ८, ताळेबंद आणि खेळते भांडवल ४, संस्था आणि माणसे ८. मागणी-पुरवठ्याचे आलेख गाळावेत असे आमचे म्हणणे नाही, पण त्यांना दोन तासिका पुरतात आणि त्या खर्चाच्या भागात बसतात. विषय पाचव्या सत्राच्या आधी ठेवू नये. टूल-आयुष्य, मोटर, कास्टिंग हे शिकून झालेले नसेल तर वरची उदाहरणे पोकळ ठरतात. उदाहरणे शाखेनुसार वेगळी हवीत. सिव्हिलसाठी रेडीमिक्स की साइटवरचे मिक्सिंग, संगणकासाठी स्वतःचा सर्व्हर की भाड्याचा क्लाउड. सगळ्या शाखांना एकच प्रश्नपत्रिका देण्याची सोय विद्यापीठाला सोपी वाटते, पण विषय तिथेच मरतो.

शिकवायला दोन माणसे हवीत, शाखेतला अध्यापक आणि कॉस्टिंगचे काम रोज करणारा कोणी. उद्योगातल्या अनुभवी व्यक्तींना 'प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस' म्हणून घेण्याची वाट विद्यापीठ अनुदान आयोगाने खुली केली आहे. पूर्णवेळ जमत नसेल तर जवळच्या एमआयडीसीतून महिन्यातले दोन शनिवार पुरतील. सोबत एक खरे उच्चदाब वीजबिल नाव-पत्ता झाकून वर्गात वाटावे: मागणी आकार, वीज आकार, वेळेनुसार दर. अर्ध्या मुलांनी असे बिल कधी पाहिलेले नसते.

आणि परीक्षा. ५० गुणांच्या पेपरात किमान ३० गुण आकडेमोडीचे असावेत, सूत्रे आणि कालमूल्याचे कोष्टक प्रश्नपत्रिकेसोबत छापून द्यावे. गृहीतके स्वतः धरायला लावावीत आणि ती लिहिण्याला गुण असावेत: वर्षाचे तास किती धरले, का धरले. तयार स्प्रेडशीट मुलांच्या हातात देऊ नये. कोरे पान द्यावे आणि मशीनचा दर पहिल्या ओळीपासून त्यांच्याकडून काढून घ्यावा, तोही पहिल्याच आठवड्यात.

आपले,
औद्योगिक अर्थशास्त्र व व्यवस्थापन शिकवणारे काही अध्यापक